हॉर्न वाजतो, मग सेल्फ का लागत नाही?

भाचीची १२५ सीसीची मोटारसायकल आठवडाभर पावसात उभी होती. सोमवारी सकाळी तिने बटण दाबलं तर इंजिन फिरेना, सीटखालून नुसतं टक-टक-टक-टक. हॉर्न मात्र खणखणीत, हेडलाइट लख्ख. गॅरेजमध्ये निदान लगेच झालं: "हॉर्न वाजतोय म्हणजे बॅटरी ओके. सेल्फची मोटर गेली." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर लिहायलाच हवं. हॉर्न वाजला म्हणून बॅटरी चांगली ठरत नाही, आणि मोटर वाईट तर मुळीच ठरत नाही.

३५ वॅटचा हेडलाइट १२ व्होल्टवर साधारण ३ अँपियर घेतो. सेल्फच्या मोटरला मात्र पहिल्या क्षणी त्याच्या कितीतरी पट प्रवाह लागतो. फिरती मोटर स्वतःच उलट विद्युतदाब तयार करून प्रवाहाला आवर घालते, पण थांबलेल्या मोटरजवळ तो आवर नसतो. म्हणून सगळ्यात जास्त प्रवाह ती हलण्याआधीच ओढते.

आता एक हिशेब करू. आकडे सोयीसाठी घेतलेत. थांबलेली मोटर आणि तारा मिळून ०.१२ ओहम, चांगल्या बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०३ ओहम. १२.६ भागिले ०.१५, म्हणजे ८४ अँपियर. मोटर जोरात उचलते. याच वाटेत कुठेतरी आणखी पाव ओहम रोध शिरला, तर एकूण ०.४० ओहम आणि प्रवाह जेमतेम ३१ अँपियर. त्या पाव ओहमवरच जवळजवळ ८ व्होल्ट खर्च होतात, बाकी गाडीच्या वाट्याला चारेक व्होल्ट उरतात. आणि हेडलाइट? ३ अँपियर गुणिले ०.२५, म्हणजे पाऊण व्होल्टची घट. डोळ्यांना कळणारही नाही.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे शाळेतला लिंबाचा सेल. जस्ताचा खिळा आणि तांब्याची तार खुपसली की एका लिंबातून सुमारे ०.९ व्होल्ट मिळतात. १४ लिंबं ओळीने जोडा, मीटर १२.६ व्होल्ट दाखवेल, अगदी चार्ज केलेल्या बॅटरीइतकेच! पण प्रत्येक लिंबाचा अंतर्गत रोध शेकडो, कधी हजारो ओहम, त्यामुळे प्रवाह मिलिअँपियरमध्ये. मोटर जागची हलणार नाही. लिंबाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, हँडलला लिंबू-मिरची बांधल्याने गाडीचं काही टळत नाही. टर्मिनलला, म्हणजे बॅटरीच्या खुंटीला, दृष्ट लागत नाही, गंज लागतो.

मला सगळ्यात आवडतो तो त्या टक-टकचा उलगडा. बटणातून मोटरचा प्रवाह जातच नाही. बटण फक्त रिलेच्या, म्हणजे मोटरचा मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या चुंबकी स्विचच्या, कॉइलला थोडासा प्रवाह देतं. कॉइल चुंबक बनते, जाड संपर्क ओढून चिकटवते आणि मोटरला वाट मोकळी होते. त्याच क्षणी मोठा प्रवाह सुरू होऊन व्होल्टेज कोसळतं. कॉइललाही तेच कोसळलेलं व्होल्टेज मिळतं, तिची ओढ कमी पडते आणि स्प्रिंग संपर्क तोडते. प्रवाह थांबला की व्होल्टेज पुन्हा १२ वर. कॉइल पुन्हा ओढते, व्होल्टेज पुन्हा कोसळतं. बटण दाबून ठेवलंय तोवर हे चक्र चालूच. पाठ्यपुस्तकातली विजेची घंटा आठवा. तिथे हातोडी स्वतःचाच प्रवाह तोडते, इथे मोटरची भूक रिलेचा प्रवाह तोडते. म्हणजे टक-टक ऐकू आली तर बटण, क्लचचा स्विच, रिलेची कॉइल हे सगळं काम करतंय, फक्त भार आला की व्होल्टेज टिकत नाही. एकदाच ठणठणीत 'टक' होऊन पुढे शांतता असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा रिलेचे जळलेले संपर्क किंवा मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे झिजलेले कार्बन बघावेत. (काही नव्या गाड्यांत वीज बनवणारा अल्टरनेटरच इंजिन फिरवतो. तिथे हे वर्णन लागू नाही.)

मग तो पाव ओहम कुठे आहे? जुन्या बॅटरीत प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कडक स्फटिक साचतात, तेव्हा तो आतच असतो. बाहेर असेल तर तारेच्या जोडावर. नुसतं उभ्या बॅटरीचं व्होल्टेज मोजून हे कळत नाही, बटण दाबलेलं असतानाच मोजावं लागतं.

आम्ही गाडी न्यूट्रलला ठेवली, मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर घेतला आणि दोन्ही टोकं थेट बॅटरीच्या खुंट्यांवर टेकवली. बटण न दाबता १२.५. बटण दाबल्यावर टक-टक चालू असतानाही आकडा साडेअकराच्या खाली गेला नाही. बॅटरी निर्दोष! मग एक टोक ऋण खुंटीवर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. इथे शून्याच्या आसपास काहीतरी दिसायला हवं. बटण दाबताच आकडे ५, ७, ६ असे उड्या मारायला लागले.

ऋण खुंटी इंजिनच्या धातूला जोडणाऱ्या अर्थच्या तारेचा बोल्ट सैल होता आणि खाली पांढरट-हिरवी भुकटी जमली होती. ऋण तार आधी काढली, मग धन. पॉलिश पेपरने खुंटी आणि तारेचं टोक चकचकीत घासलं, तारा परत जोडताना धन आधी, ऋण शेवटी. बोल्ट घट्ट आवळून वरून व्हॅसलीन लावलं. पुन्हा बटण दाबलं तेव्हा त्या जोडावर मीटरने ०.१ व्होल्ट दाखवले आणि इंजिन पहिल्याच फेरीत सुरू झालं.