कुत्र्याच्या पिलाची झोप

कुत्र्याच्या पिलाची झोप : जन्मापासून सुमारे चार महिन्यांपर्यंत पिलाच्या दिवसाचा बहुतांश भाग व्यापणारी अवस्था. दोन ते चार महिन्यांचे पिलू २४ तासांत १८ ते २० तास झोपते, असे पशुवैद्यकीय मार्गदर्शनात सर्वसाधारणपणे सांगितले जाते. ही बेरीज सलग झोपेची नसून अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंतच्या डुलक्यांची असते. आकडा मुख्यत्वे पाळणाऱ्यांच्या अनुभवातून आलेला दिसतो. म्हणून १६ ते २० तास अशी सैल मर्यादा धरणे अधिक सुरक्षित. प्रौढ कुत्र्याला १२ ते १४ तास पुरतात.

पहिल्या दोन आठवड्यांत पिलू दूध पिणे सोडल्यास जवळजवळ झोपूनच असते. डोळे साधारणतः १० ते १४ दिवसांनी उघडतात, कान त्यानंतर. या काळातील झोप शांत नसते : ओठ दूध ओढल्यासारखे हलतात, पंजे झटकले जातात, मधूनच बारीक कुंई ऐकू येते. जाणकार ही थरथर निरोगीपणाची खूण मानतात. निपचित पडलेले पिलू काळजीचे.

या झोपेच्या स्वरूपाविषयी मतभेद आहेत. माणसातील जलद नेत्रचलनाची झोप (REM; मिटल्या पापण्यांआड बुबुळे भराभर हलतात ती) झोपेचे संशोधक ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये नोंदवली. सस्तन प्राण्यांच्या नवजात पिलांची थरथरती झोप तीच, असे पुढे गृहीत धरले गेले. १९६६ मध्ये रॉफवॉर्ग, म्यूझिओ व डिमेंट यांनी, बाहेरून संवेदना फारशा मिळत नसताना मेंदूला आतूनच चालना देणे हे तिचे कार्य असावे, अशी उपपत्ती मांडली. फ्रँक व हेलर या संशोधकांच्या मते मात्र ती झोपेचे प्रकार वेगळे होण्यापूर्वीची अविभेदित अवस्था होय. उंदरांच्या पिलांवरील ब्लमबर्ग यांचे काम या मताच्या विरोधात जाते आणि ते अधिक पटते. तथापि उंदरांवरील निष्कर्ष कुत्र्याला जसाच्या तसा लावता येईलच असे नाही.

झोप न मिळाल्यास काय होते, याचा सर्वांत जुना प्रयोगही पिलांवरच झाला. रशियन वैद्यक संशोधक मारिया मानासेना यांनी १८९४ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सतत जागी ठेवलेली पिले चार-पाच दिवसांत दगावली. उपाशी पिले त्याहून कितीतरी जास्त दिवस तग धरत. जागे ठेवण्यासाठी पिलांना सतत हलवावे लागे, त्यामुळे मृत्यूचे कारण केवळ निद्रानाश म्हणावे की त्या छळाचा ताणही, हा प्रश्न उरतो. प्रयोग क्रूर होता, हे वेगळे सांगायला नको.

कोल्हापूर परिसरात विणीचा हंगाम ध्यानात घ्यावा लागतो. गावकुत्री भाद्रपदात माजावर येतात; गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा, त्यामुळे पिले बहुधा कार्तिक-मार्गशीर्षात दिसू लागतात. म्हणजे ऐन थंडीत, उसाच्या गळीत हंगामात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिलाला अंगची ऊब नीट राखता येत नाही, म्हणून पिले एकमेकांवर रचून झोपतात किंवा ऊब शोधतात. करवीर, पन्हाळा भागातील गुऱ्हाळावर ती चुलवणाच्या (रस उकळण्याच्या भट्टीच्या) कडेला, जळणासाठी वाळत घातलेल्या उसाच्या चिपाडात शिरून पडलेली आढळतात. अशा वेळी जळव्याला, म्हणजे चुलवणात जळण घालणाऱ्याला, चिपाडाचा भारा उचलण्याआधी हात घालून चाचपावे लागते. शहरात जिना, दुकानाची पायरी, थांबवलेल्या रिक्षाखालची जागा यांवर भागते. पण तिथली झोप तुटक, कारण प्रत्येक हॉर्नला मान वर होते. हंगामात लवकर जन्मलेली, दिवाळीच्या सुमारास कान उघडलेली पिले फटाक्यांनी सर्वाधिक त्रासतात.

घरी आणलेल्या दोन महिन्यांच्या पिलाला रात्री एक-दोनदा शू करायला बाहेर न्यावे लागते. खेळता खेळता ते अचानक चावरे झाले, हातापायांना लटकू लागले, तर बहुतेकदा ते दमलेले असते. पोरे मात्र तेव्हाच त्याला आणखी खेळवतात. गोणपाट किंवा जुने घोंगडे अंथरून कोपऱ्यात सोडल्यास थोड्याच वेळात घोरू लागते. जास्त झोप हा दोष नव्हे. पण हाक मारूनही न उठणारे, दूध-भाकरीला तोंड न लावणारे आणि उलट्या किंवा रक्ताचे जुलाब करणारे पिलू झोपाळू नव्हे, आजारी समजावे. लस न दिलेल्या पिलांत अशा वेळी पार्व्हो या विषाणूजन्य आजाराची शंका प्रथम घेतली जाते आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे नेणे इष्ट ठरते.