आतला रूट बाहेर का जात नाही : ओएसपीएफ आणि बीजीपीच्या देवघेवीची पार्श्वभूमी

ओएसपीएफच्या (नेटवर्कच्या आतल्या वाटा ठरवणाऱ्या प्रोटोकॉलच्या) टेबलमध्ये रूट, म्हणजे एखाद्या पत्त्याकडे जायची वाट, दिसतोय, बीजीपीचा (वेगवेगळ्या नेटवर्कांना एकमेकांच्या वाटा कळवणाऱ्या प्रोटोकॉलचा) नेबर, म्हणजे शेजारचा राउटर, 'एस्टॅब्लिश्ड' आहे, आणि तरी पलीकडचा इंजिनिअर फोनवर म्हणतोय, "आमच्याकडे काहीच आलेलं नाही." नेटवर्क सांभाळणाऱ्याला ही तक्रार नवी नाही. तपासायचा क्रमही सगळ्यांना पाठ असतो: नेटवर्क कमांडमधला (काय जाहीर करायचं ते सांगणाऱ्या ओळीतला) मास्क, म्हणजे पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा, जुळतोय का, रूट-मॅप (कोणते रूट जाऊ द्यायचे त्याचे नियम) कुठे अडवतोय का, नेक्स्ट हॉपपर्यंत, म्हणजे वाटेतल्या पुढच्या राउटरपर्यंत, पोचता येतंय का. पण या गोष्टी मुळात अशा का आहेत, हे कळायला १९९० च्या दशकात जावं लागतं. त्यातही एका नियमापाशी थांबावं लागतं, जो आज जवळजवळ कुणी वापरत नाही.

त्याआधीचं थोडक्यात. 'आतलं' आणि 'बाहेरचं' रूटिंग वेगळं धरायची पद्धत १९८२ च्या आरएफसी ८२७ पासूनची (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज). ऑटोनॉमस सिस्टिम (एएस), म्हणजे एकाच कारभाराखालचं नेटवर्क, ही कल्पना तिथलीच. त्या वेळचा बाहेरचा प्रोटोकॉल म्हणजे ईजीपी. १९८४ मध्ये आरएफसी ९०४ ने त्याला पक्कं रूप दिलं. मध्ये एक गाभा आणि बाकी सगळे त्याला जोडलेले, अशीच रचना तो गृहीत धरायचा. दोन नेटवर्क गाभ्याला वळसा घालून परस्पर जोडली गेली, की लूप, म्हणजे पॅकेट गोल गोल फिरत राहणं, ओळखायची सोय त्याच्याकडे नव्हती. जून १९८९ मध्ये बीजीपीची पहिली आवृत्ती आली, आरएफसी ११०५. चारच महिन्यांनी, ऑक्टोबरात, ओएसपीएफ आला, आरएफसी ११३१. बीजीपीचा पहिला आराखडा पेपर नॅपकिनवर काढला होता, ती गोष्ट एव्हाना सगळ्यांनी ऐकलेली असते. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की दोन्ही प्रोटोकॉल एकाच वर्षी आले आणि एकमेकांचा फारसा विचार न करता आले. ओएसपीएफला आतली प्रत्येक लिंक माहीत हवी असते. बीजीपीला लिंकशी देणंघेणं नाही. वाट कोणकोणत्या एएसमधून जाते, एवढंच तो लक्षात ठेवतो आणि त्यावरूनच लूप ओळखतो. एका बाजूचा रूट दुसऱ्या बाजूला देताना ही माहिती कुठे ठेवायची, याला दोन्हीकडे जागा नव्हती.

ती जागा करण्याचा पहिला प्रयत्न सप्टेंबर १९९२ चा, आरएफसी १३६४. जानेवारी १९९३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली, १४०३. बीजीपी-४ आल्यावर डिसेंबर १९९४ मध्ये तिसरी, १७४५. एकाच विषयावर सव्वादोन वर्षांत तीन दस्तऐवज, यावरून तेव्हा हा प्रश्न किती अडत होता ते कळतं. आज ते कुणी उघडून पाहत नाही, पण निम्म्या तक्रारींचं मूळ त्यांतच आहे.

त्यातला वादग्रस्त नियम म्हणजे सिंक्रोनायझेशन. समजा एका एएसमध्ये अ, ब आणि क असे तीन राउटर ओळीने जोडलेले आहेत. अ आणि क सीमेवर आहेत, त्यांच्यात आयबीजीपी, म्हणजे एकाच एएसच्या आत चालणारा बीजीपी, आहे. मधला ब फक्त ओएसपीएफ चालवतो. अ ला बाहेरून १९८.५१.१००.०/२४ हा रूट (/२४ म्हणजे मास्कची लांबी; आकडा मोठा तितका पत्त्यांचा तुकडा लहान) मिळाला, त्याने तो आयबीजीपीने क ला कळवला आणि क ने लगेच आपल्या बाहेरच्या शेजाऱ्याला सांगून टाकला. शेजाऱ्याने विश्वासाने पॅकेट पाठवलं. क ने ते ब कडे दिलं. ब ला तो पत्ताच माहीत नाही, त्याने पॅकेट टाकून दिलं. जाहिरात झाली, वाट मात्र नाही. म्हणून नियम असा केला, की आयबीजीपीने शिकलेला रूट ओएसपीएफमध्येही दिसत नाही तोवर क ने तो बाहेर सांगायचा नाही. तर्क बिनचूक होता. १९९२ मध्ये मधल्या प्रत्येक राउटरवर बीजीपी चालवणं परवडायचं नाही, तेव्हा दुसरा उपायही नव्हता.

त्याच्या जोडीला आणखी एक अट होती: सीमेवरच्या राउटरचा बीजीपी आयडी आणि ओएसपीएफ आयडी एकच हवा. क ला बीजीपी सांगतो की हा रूट अ ने दिला, ओएसपीएफ सांगतो की हा बाहेरचा रूट अमुक आयडीवाल्याने आणला. दोघं एकाच राउटरबद्दल बोलतायत, याची खात्री करायला आयडीशिवाय दुसरं काही हातात नव्हतं. आयडी वेगळे पडले की नियम मोडला, रूट बाद. जुन्या राउटरवर बीजीपीच्या टेबलमध्ये त्या प्रीफिक्सची (मास्कसकट पत्त्याची) सविस्तर नोंद उघडली की 'नॉट सिंक्रोनाइज्ड' एवढे दोन शब्द दिसायचे आणि रूटच्या डावीकडची 'बेस्ट'ची खूण गायब असायची. नेबर चालू, पिंग चालू, फिल्टर एकही नाही. ते दोन शब्द नजरेतून सुटले की अख्खी रात्र गेली म्हणून समजा.

नियम बुडाला तो त्याच्या किमतीमुळे. क ने रूट बाहेर सांगावा असं वाटत असेल, तर अ ने बीजीपीचे सगळे रूट ओएसपीएफमध्ये ओतले पाहिजेत. ओएसपीएफमध्ये बाहेरून आलेल्या प्रत्येक रूटसाठी वेगळी नोंद तयार होते, ती सगळ्या राउटरांकडे जाते आणि दर ३० मिनिटांनी ताजी करावी लागते. १९९४ च्या सुमारास इंटरनेटचं टेबल वीस हजार रूटांच्या आसपास होतं, तेव्हाच ही कसरत होती. २००१ च्या सुमारास ते एक लाखावर गेलं, ऑगस्ट २०१४ मध्ये ५ लाख १२ हजारांच्या पुढे. आतल्या प्रोटोकॉलला हा भार पेलण्यासारखा नव्हताच. मग पर्याय आले. मधल्या राउटरांवरही बीजीपी चालवा. आयबीजीपीच्या जोड्या फार होतात म्हणून रूट रिफ्लेक्टर (बाकीच्यांना रूट वाटणारा मध्यवर्ती राउटर) ठेवा, आरएफसी १९६६, जून १९९६. किंवा मधल्यांना पत्ता बघायलाच लावू नका, लेबल बघून पुढे ढकलायला सांगा, म्हणजे एमपीएलएस, आरएफसी ३०३१, जानेवारी २००१. मुळातला ब चा प्रश्नच उरला नाही, तसा नियमही उरला नाही.

तरी तो लगेच बंद झाला नाही, आणि इथे माझं मत लपवण्यात अर्थ नाही. राउटर बनवणाऱ्या सर्वांत मोठ्या घराण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सिंक्रोनायझेशन १२.२(८)टी आवृत्तीपर्यंत आपोआप चालू असायचं. इंटरनेट सेवा देणारा प्रत्येक जण पहिल्याच दिवशी ते हाताने बंद करायचा, पण पेटीतून काढलेला राउटर ते चालू ठेवूनच यायचा. कुणाच्याच उपयोगाचं नसलेलं डिफॉल्ट इतकी वर्षं राखायचं कारण एकच होतं: बदललं तर कुणाचं तरी जुनं कॉन्फिगरेशन वेगळं वागेल. इकडे पुण्या-मुंबईच्या सर्टिफिकेशन क्लासांत हा नियम त्यानंतरही बरीच वर्षं घोकून घेतला जात होता. परीक्षेत प्रश्न यायचा, प्रत्यक्षात कुठेच सापडायचा नाही.

नियम गेला तरी त्याच्या भोवतीचे काही संकेत राहिले आणि आज 'रूट जात नाही' ही तक्रार बहुधा त्यांच्यावर येऊन थांबते. त्याच घराण्याच्या राउटरवर ओएसपीएफ बीजीपीत रिडिस्ट्रिब्यूट केला, म्हणजे त्याचे रूट बीजीपीत सोडले, की सरसकट सगळे रूट जात नाहीत. फक्त आतले जातात. 'ई१', 'ई२' अशी खूण असलेले बाहेरचे मागे राहतात. त्यांना न्यायचं असेल तर तसं वेगळं लिहावं लागतं. नवख्याला हा दोष वाटतो. पण ई२ रूट दुसऱ्या सीमेवरून बीजीपीतूनच आत आलेला असू शकतो, आणि आत येताना त्याचा एएस-पाथ (वाटेतल्या एएसची यादी) गळून पडलेला असतो. तोच परत बीजीपीत गेला तर तो आपल्याच एएसमध्ये जन्मल्यासारखा दिसेल आणि लूप ओळखण्याचं बीजीपीचं एकमेव साधन निकामी होईल. उलट बाजूलाही तेच: आयबीजीपीने शिकलेले रूट आपण मुद्दाम सांगितल्याशिवाय ओएसपीएफमध्ये जात नाहीत. आणि नेटवर्क कमांडमध्ये /२२ लिहिलं, पण आत फक्त चार /२४ आहेत, तर काहीच जाहीर होत नाही. अगदी तोच प्रीफिक्स, त्याच मास्कचा, टेबलमध्ये असावा लागतो. आत नाही ते बाहेर सांगू नये, हा सिंक्रोनायझेशनचाच स्वभाव आहे.

पाथ गळून पडला तर काय होतं, याचं उदाहरण म्हणून २५ एप्रिल १९९७ चा प्रसंग हमखास सांगितला जातो. एका इंटरनेट पुरवठादाराच्या राउटरने, एएस ७००७ ने, इंटरनेटचा मोठा भाग /२४ च्या तुकड्यांत, जणू सगळं आपलंच असल्यासारखा जाहीर केला. तुकडे जास्त नेमके, म्हणून सगळ्यांनी तेच धरले. राउटरची केबल काढल्यावरही ते रूट पलीकडच्या नेटवर्कांत बराच वेळ फिरत राहिले. बीजीपीचे रूट जुन्या, मास्क न नेणाऱ्या आतल्या प्रोटोकॉलमधून फिरून परत बीजीपीत आले, असं तेव्हापासून मानलं जातं. त्या नेटवर्कच्या बाजूने मात्र राउटरच्या सॉफ्टवेअरकडे बोट दाखवलं गेलं. कारण कुठलंही धरा, पुसलेला पाथ आणि पडलेले तुकडे हे दोन्ही बेफिकीर रिडिस्ट्रिब्यूशनमध्येही असेच दिसतात.

पाथ न हरवता ओएसपीएफमधून न्यायची एक युक्ती त्याच आरएफसींमध्ये होती: ओएसपीएफच्या बाहेरच्या नोंदीतला ३२ बिटचा टॅग. वरचा एक बिट 'हा टॅग आपोआप बनवलाय' हे सांगायला, एक 'माहिती पूर्ण आहे' हे सांगायला, दोन बिट पाथच्या लांबीला, बारा मोकळे, आणि खालचे सोळा एएसच्या क्रमांकाला. म्हणजे क्रमांक मावणार एकच. पाथ लांबला की टॅग फक्त 'पुढचं बीजीपीला विचारा' एवढंच सांगू शकायचा. ही रचना फारशी रुजली नाही आणि मागे पडली.

पण मेली नाही. एमपीएलएस व्हीपीएनमध्ये (पुरवठादाराच्या नेटवर्कवरून ग्राहकाच्या जागा खासगीत जोडण्याच्या सोयीत) पुरवठादाराचा राउटर ग्राहकाकडून ओएसपीएफने रूट घेतो, बीजीपीने दुसऱ्या टोकाला नेतो आणि तिथे पुन्हा ओएसपीएफमध्ये सोडतो. कोअर बँकिंगच्या काळात आपल्याकडच्या बँकांच्या शाखा अशाच जोडण्यांवर जाऊ लागल्या, तेव्हा ही देवघेव रोजची झाली. ग्राहकाची जागा दोन राउटरांनी जोडलेली असेल तर एकाने सोडलेला रूट दुसरा उचलून परत बीजीपीत घालू शकतो; लूप तयार. जून २००६ च्या आरएफसी ४५७७ ने यावर टॅग वापरला, तोच जुना साचा: पहिले चार बिट ११०१, मग बारा शून्य, मग एएस क्रमांक. ग्राहकाच्या राउटरवर ३४८९६६१०२८ असा अगम्य टॅग दिसला तर त्यातून ३४८९६६०९२८ वजा करा, १०० उरतात. तो पुरवठादाराचा एएस. पुढे एएस क्रमांक ३२ बिटचे झाले, ते या सोळा बिटांत बसत नाहीत, म्हणून तिथे टॅग हाताने द्यावा लागतो. तो द्यायचा राहिला, की तपास कुठून सुरू करायचा हे कळत नाही.

टॅगच्या जोडीला आरएफसी ४५७६ ने 'डीएन' बिट आणला. व्हीपीएनमधून खाली आलेल्या नोंदीवर तो लागतो आणि पुरवठादाराचा दुसरा राउटर ती नोंद धरत नाही. तपास करणाऱ्याला चकवणारी एक परिस्थिती यातूनच येते. ग्राहक स्वतःच्या राउटरवर वेगवेगळे व्हीआरएफ (एकाच राउटरमधली स्वतंत्र रूटिंग टेबलं) ठेवतो. तो राउटर स्वतःला पुरवठादाराचा समजतो आणि डीएन बिट पाहून रूट नाकारतो. ओएसपीएफच्या डेटाबेसमध्ये नोंद जशीच्या तशी दिसते, रूटिंग टेबलमध्ये नसते, लॉगमध्ये एक ओळसुद्धा नाही. डेटाबेसमधली ती नोंद पूर्ण उघडून 'डाउनवर्ड' हा शब्द पाहिल्याशिवाय कारण सापडत नाही. मग ही तपासणी बंद करणारी एक ओळ लिहिली की काम होतं, लूपची जबाबदारी मात्र आपल्यावर येते.

गेल्या दशकभरातल्या गाजलेल्या घटना उलट्या बाजूच्या आहेत: रूट जात नाही असं नाही, नको तिथे जातो. ८ जुलै २०२२ ला कॅनडातल्या एका मोठ्या दूरसंचार कंपनीत अद्ययावत करण्याच्या कामादरम्यान एका वितरण राउटरवरचा फिल्टर काढला गेला. रूटांचा लोंढा गाभ्यातल्या राउटरांवर आला आणि ते कोलमडले. एक कोटी वीस लाखांहून अधिक ग्राहक, सुमारे २६ तास. देखरेखीचं नेटवर्कही त्याच गाभ्यावर होतं, त्यामुळे दुरुस्त करणाऱ्यांनाच आत शिरता येईना. आतल्या प्रोटोकॉलला बाहेरचा भार झेपत नाही, हे १९९४ मध्येच दिसलं होतं. मधल्या काळात एका फिल्टरच्या भरवशावर सगळं चाललं होतं.

मानकांची दिशाही तशीच वळली. जून २०१६ च्या आरएफसी ७९०८ ने रूट गळतीचे प्रकार मांडले, त्यात आतले प्रीफिक्स चुकून बाहेर जाण्याला स्वतंत्र प्रकार दिला. जुलै २०१७ च्या आरएफसी ८२१२ ने ठरवलं की ईबीजीपीवर (दोन एएसमधल्या बीजीपीवर) धोरण लिहिलेलं नसेल तर काही घ्यायचं नाही, काही द्यायचं नाही. काही राउटरांत हे आधीपासूनच तसं होतं. तिथे 'नेबर चालू, रूट शून्य' ही तक्रार आली की पहिला प्रश्न हाच असतो, की पॉलिसी लावली का? इतरांनी हा बदल सावकाश घेतला किंवा पर्याय म्हणून ठेवला. कारण तेच, सिंक्रोनायझेशनच्या वेळचं: सॉफ्टवेअर बदललं आणि दुसऱ्या दिवशी जुनं नेटवर्क गप्प झालं, तर फोन उत्पादकालाच येणार. शिवाय हा नियम ईबीजीपीपुरता आहे. ओएसपीएफमधून बीजीपीत आणि परत जाणाऱ्या रूटांसाठी असा सर्वमान्य नियम नाही. कुणाच्या राउटरवर एका ओळीत सगळं वाहायला लागतं, कुणाच्या राउटरवर पॉलिसी लिहिल्याशिवाय एक प्रीफिक्स हलत नाही, आणि एकाच कंपनीच्या दोन कार्यालयांत हे दोन्ही प्रकार सापडतात.