राउटरमधलं पासथ्रू वेगळं, नॅट-टी वेगळं

घरून व्हीपीएन लागत नाही म्हटलं की सल्ला ठरलेला, राउटरमध्ये जा आणि आयपीसेक पासथ्रू ऑन कर (आयपीसेक म्हणजे व्हीपीएनचा डेटा एन्क्रिप्ट करून नेायची एक पद्धत, पासथ्रू म्हणजे तिला राउटरमधून पार जाऊ द्यायची सेटिंग). मीपण कित्येक दिवस तेच करायचो, वर मला वाटायचं यालाच नॅट-टी म्हणजे नॅट ट्रॅव्हर्सल म्हणतात. तर नाही. पासथ्रू हा राउटरचा उद्योग, आणि नॅट-टी व्हीपीएनची दोन टोकं आपापसात ठरवतात, मधल्या राउटरला त्याचा पत्ताही नसतो.

मुळात अडतं कुठे, तर नॅट, म्हणजे घरातली सगळी मशीन एकाच आयपी पत्त्यावरून बाहेर नेणारं राउटरचं काम, पोर्ट नंबरवरून लक्षात ठेवतं की हे पॅकेट कुठल्या मशीनचं, आणि आयपीसेकचा डेटा जातो ईएसपी या त्याच्या स्वतःच्या प्रोटोकॉलमधून, ज्याचा प्रोटोकॉल नंबर ५० आहे पण पोर्टच नाही. मग उत्तर आलं की द्यायचं कुणाला? पासथ्रूवाला राउटर अंदाज मारतो, मघाशी यूडीपी ५०० वरून बोलत होता ना, त्याचंच असेल (यूडीपी हा पोर्ट असलेला साधा प्रोटोकॉल, आणि ५०० या पोर्टवर आयपीसेकची सुरुवातीची बोलणी होतात). घरात एकच जण असेल तर खपून जातं. दुसऱ्याने त्याच सर्व्हरला जोडलं की बऱ्याच राउटरवर पहिला तरी पडतो नाहीतर दुसऱ्याचं लागतच नाही.

नॅट-टीमध्ये अंदाजाची भानगडच नाही. सुरुवातीलाच दोन्ही बाजू आपापल्या आयपी-पोर्टचा हॅश, म्हणजे गणिताने काढलेला ठसा, पाठवतात, आलेल्या पॅकेटवरच्या पत्त्याशी तो जुळला नाही की मध्ये नॅट बसलंय हे कळतं, मग दोघं यूडीपी ४५०० वर जातात आणि ईएसपी यूडीपीत गुंडाळून पाठवतात. राउटरला ते साधं यूडीपी दिसतं, दोघं जोडा नाहीतर पाच जण जोडा. (एलटूटीपी, म्हणजे आयपीसेकवर चालणारा एक व्हीपीएनचा प्रकार, इथेही कधीकधी रुसतं, पण ते सर्व्हरकडचं दुखणं.) नॅटने नोंद पुसू नये म्हणून मध्येमध्ये एका बाइटचं कीपअलाइव्ह जातं, डीफॉल्ट २० सेकंदांनी.

आता गंमत अशी की पासथ्रू ऑन असलं की काही राउटर ५०० चा सोर्स पोर्ट (पॅकेट जिथून निघालं तो) बदलतच नाहीत, मग दोन्ही लॅपटॉप ५०० वरच राहतात आणि वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणजे दुसरा लॅपटॉप ४५०० पर्यंत पोचायच्या आधीच अडकतो. माझ्याकडे नेमकं हेच होत होतं, पासथ्रू बंद केलं आणि दोन्ही लॅपटॉप लागले!

वायरगार्ड हे नवं व्हीपीएन मुळातच यूडीपीवर चालतं, त्याच्यासाठी हा पासथ्रूचा स्विच शोधत बसू नका. जुन्या पीपीटीपी व्हीपीएनला मात्र पासथ्रू लागतंच, कारण त्याचा डेटा नेणारं जीआरईसुद्धा बिनपोर्टाचं, पण पीपीटीपी आता वापरूच नये. आयपीसेक अडलं तर आधी क्लायंटचा, म्हणजे तुमच्या व्हीपीएन अ‍ॅपचा, लॉग उघडा आणि ४५०० दिसतंय का बघा, राउटरला नंतर हात लावा.