चेअरलिफ्ट उलटी का पळते? बर्फावरच्या खुर्च्यांची पार्श्वभूमी

मार्च लागला की सोलापुरात नवी पेठेपासून सात रस्त्यापर्यंत काश्मीर-मनालीच्या सहलींचे फलक झळकायला लागतात. बाहेर ऊन चाळिशी ओलांडायच्या तयारीत असतं आणि फलकावर एक कुटुंब बर्फात हसत उभं असतं. खाली बारीक अक्षरात 'गोंडोला पहिला टप्पा समाविष्ट, दुसरा स्वखर्चाने'. (गोंडोला म्हणजे दोराला टांगलेल्या बंद डब्यांची लिफ्ट.) नेमकी त्याच सुमारास घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक जुनी चित्रफीतही पुन्हा फिरायला लागते. बर्फाच्या उतारावर खुर्च्यांची एक लिफ्ट भलत्याच वेगाने उलटी धावते आहे, खालच्या चाकापाशी खुर्च्या एकमेकींवर आदळून चेपताहेत, आणि माणसं तिथे पोचायच्या आत उड्या टाकताहेत. पाठोपाठ काकांचा निरोप येतो, "निघालात ना काश्मीरला? बघा ओ जरा हे."

ती फीत काश्मीरची नाही. ती जॉर्जिया या देशातल्या गुदौरी नावाच्या स्की-केंद्राची, म्हणजे पायाला लांब पट्ट्या लावून बर्फावर घसरायच्या ठिकाणाची आहे, १६ मार्च २०१८ ची. दहाएक जण जखमी झाले, जीव कुणाचाही गेला नाही. लिफ्ट जुनाट नव्हती, नावाजलेल्या युरोपीय बनावटीची होती. त्या दिवशी वीज गेली, लिफ्ट थांबली, आणि ती पुन्हा हलवण्याच्या खटपटीत उलटी सुटली. चौकशीचं बोट यंत्रापेक्षा ते चालवणाऱ्यांकडे वळलं. चेअरलिफ्टच्या अपघातांचा इतिहास चाळला तर हे वळण परत परत भेटतं, म्हणून ही पार्श्वभूमी.

मुळात माणसाला दोरीला टांगून डोंगरावर न्यायची कल्पना आली ती मालवाहतुकीतून. पोलादी तारांचा वळलेला दोर जर्मनीतल्या हार्ट्झ डोंगरातल्या क्लाउस्टालच्या खाणींत १८३४ मध्ये विल्हेल्म आल्बर्ट या खाण-अधिकाऱ्याने वापरात आणला. तोवर खाणीत साखळ्या असत, आणि साखळीची एक कडी गेली की सगळंच खाली. दोरात अनेक तारा असतात. एक तुटली तरी बाकीच्या भार धरतात आणि तुटलेली तार दिसते, म्हणजे वेळ मिळतो. आजच्या लिफ्टच्या दोराची ताकद प्रत्यक्ष ताणाच्या कैक पट ठेवलेली असते आणि आतल्या तुटक्या तारा शोधायला चुंबकीय तपासणी होते. म्हणून 'दोरी तुटली तर?' हा आपल्या मनातला पहिला प्रश्न असला तरी चेअरलिफ्टच्या बाबतीत तो यादीत बराच खाली येतो.

खुर्ची आली १९३६ मध्ये. अमेरिकेतल्या युनियन पॅसिफिक रेल्वेला आयडाहो राज्यात सन व्हॅली नावाचं हिवाळी पर्यटनकेंद्र उभारायचं होतं, कारण हिवाळ्यात गाड्या रिकाम्या धावत. कंपनीचा अभियंता जेम्स करन याने त्याआधी केळीचे घड बोटीत चढवणारी यंत्रणा पाहिली होती. फिरत्या दोराला आकडे आणि आकड्यांना घड. त्याने आकड्याच्या जागी खुर्ची लावली. (करमाळा-टेंभुर्णीकडच्या केळीवाल्यांनी हे श्रेय अवश्य घ्यावं.) चालत्या खुर्चीवर माणूस बसेल का, हे ओमाहाच्या रेल्वे आवारात तपासलं गेलं. ट्रकच्या बाजूला खुर्ची बांधली, ट्रक हळूहळू चालवला आणि उन्हाळ्यात बर्फ कुठून आणणार म्हणून माणसाला चाकाचे स्केट घालून उभं केलं. खुर्ची मागून येऊन गुडघ्यामागे टेकते आणि माणूस बसतो, हे आजही जसंच्या तसं चालू आहे.

आता धोका समजून घ्यायचा तर एवढं डोळ्यासमोर आणावं. खाली एक मोठं आडवं चाक, वर एक, त्यांच्यातून फिरणारा एकच अखंड दोर. त्याला टोकं नसतात. दोन टोकं एकमेकांत विणून कित्येक मीटर लांबीचा सांधा केलेला असतो. मधल्या खांबांवर छोट्या चाकांच्या रांगा, दोर त्यांवरून सरकतो. साध्या लिफ्टमध्ये खुर्ची दोराला कायमची आवळलेली असते, म्हणून वेग कमी, सेकंदाला अडीच मीटरच्या आसपास. वेगवान लिफ्टमध्ये खुर्चीची पकड स्थानकात शिरल्यावर सुटते, खुर्ची रुळावर येऊन माणसाच्या चालीने पुढे सरकते, लोक चढतात-उतरतात, आणि बाहेर पडताना पकड पुन्हा दोरावर बसते. बाहेर वेग सेकंदाला पाच मीटर. अशी चार आसनी वेगवान लिफ्ट पहिल्यांदा १९८१ मध्ये अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या ब्रेकेनरिजला लागली.

स्कीच्या लिफ्टची गंमत, किंवा गोची, अशी की माणसं फक्त चढत्या बाजूला असतात. उतरायला ते स्की लावून येतात, त्यामुळे उतरती बाजू रिकामी. समजा चढत्या बाजूला पन्नास खुर्च्या, प्रत्येकीत चार जण, सरासरी पंच्याहत्तर किलो. म्हणजे पंधरा टन वजन एका बाजूने सतत खाली ओढतंय, तोलायला समोर काही नाही. मोटर आणि चाक यांच्यातला दुवा निखळला तर लिफ्ट नुसती थांबत नाही, ती उलटी निघते आणि वेग घेत जाते. हे माहीत असल्यामुळेच ब्रेक एकावर एक ठेवलेले असतात. एक मोटरच्या बाजूला रोजच्या थांबण्यासाठी, दुसरा थेट मोठ्या चाकाच्या कडेला पकडणारा, आणि शिवाय चाक उलटं फिरायला लागताच दात्यात अडकणारी खिट्टी किंवा तसंच काही. गियरबॉक्स मोडला तरी चाकावरचा ब्रेक धरतो, कारण तो गियरबॉक्सच्या पलीकडे असतो.

तरीही अपघात झाले. काही निव्वळ बनावटीतल्या दोषामुळे. १४ डिसेंबर १९८५ ला कोलोरॅडोतल्या कीस्टोनला टेलर लिफ्टचं वरचं चाक सदोष वेल्डिंगमुळे निखळलं. दोर एकदम ढिला पडून हिसका बसला, लोक खुर्च्यांतून फेकले गेले, दोघांचे प्राण गेले. दहा वर्षांनी, २३ डिसेंबर १९९५ ला, कॅनडातल्या व्हिसलरला क्विकसिल्व्हर लिफ्टवर अचानक थांबवण्याच्या हिसक्याने एका खुर्चीची पकड घसरली. ती दोरावरून मागे सरकत मागच्या खुर्चीवर आदळली, मग त्या दोन्ही मिळून तिसरीवर. चार खुर्च्या खाली पडल्या, दोन जण दगावले. दोन्ही लिफ्ट एकाच कंपनीच्या, यान या नावाने ओळखल्या जाणाऱ्या. स्वस्तात आणि झटपट लिफ्ट उभारण्यात तिचा हात कुणी धरत नसे. व्हिसलरनंतर तिच्या पकडी बदलायला किंवा लिफ्टच काढून टाकायला उत्तर अमेरिकेतल्या रिसॉर्टांना मोठा खर्च करावा लागला आणि कंपनी बुडाली.

पण मला जास्त अस्वस्थ करणारे अपघात दुसऱ्या जातीचे आहेत. ते दोन्ही इटलीतले, आणि दोन्ही चेअरलिफ्टचे नव्हे तर बंद डब्यांच्या केबल कारचे. कावालेझेला ९ मार्च १९७६ ला दोन दोर एकमेकांवर चढले, एकाने दुसऱ्याला घासून तोडलं आणि चाळीसहून अधिक माणसं गेली. वाचली एक शाळकरी मुलगी. दोर असे चढले तर यंत्र आपोआप थांबवणारी व्यवस्था तिथे होती, पण ती बंद केलेली होती. मोत्तारोने डोंगरावर २३ मे २०२१ ला ओढणारा दोर तुटला. तो तुटला तर डब्याचा आपत्कालीन ब्रेक, डबा ज्याला टांगलेला असतो त्या दुसऱ्या दोराला करकचून धरतो, डबा तिथल्या तिथे थांबतो, लोक घाबरतात आणि सगळे वाचतात. इथे त्या ब्रेकला चिमटे अडकवून उघडा ठेवलेला होता. कारण तो आधी अनेकदा विनाकारण लागत होता, फेऱ्या थांबत होत्या, आणि कोविडनंतर नुकतंच कुठे गिऱ्हाईक परतलं होतं. डबा उताराने वेगात मागे गेला. चौदा मृत्यू, एक पाच वर्षांचा मुलगा वाचला.

सोलापूरच्या वाचकाला हे समजायला आल्प्सपर्यंत जायची गरज नाही, अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत कुठल्याही टॉवेलच्या कारखान्यात शिरावं. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला की माग आपोआप थांबावा अशी सोय यंत्रमागात असते. ती बिघडून उगाच थांबवायला लागली की पंचाईत. मजुरी नगावर, थांबलेल्या मागाला पैसे नाहीत, जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, दुसऱ्या मागात गुंतलेला. मग कुणीतरी माग थांबवणाऱ्या पट्टीला सुतळी बांधतो. माग चालतो, मालक खूश, कामगार खूश. फार तर टॉवेलमध्ये पट्टा उमटतो आणि माल सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम प्रतीत जातो. केबल कारमध्ये सेकंडचा माल नसतो, एवढाच फरक. सुरक्षेचं यंत्र मुळात त्रासदायक असतं, कारण थांबवणं हेच त्याचं काम. ज्या ठिकाणी थांबण्याची किंमत रोज मोजली जाते आणि न थांबण्याची कधीच नाही, तिथे सुतळी निघतेच.

२०१६ च्या डिसेंबरात कोलोरॅडोतल्या ग्रॅनबी रँचला घडलेलं त्याच्याही पुढचं. लिफ्टची विजेची चालकयंत्रणा नव्याने बदलली होती. ती झटके देत वेग कमी-जास्त करत राहिली, खुर्ची झुलून खांबाला आपटली आणि एक आई दोन मुलींसह खाली पडली. आई वाचली नाही. दोर, चाक, ब्रेक सगळं जागेवर असतानाही.

वाऱ्याचा उल्लेख राहिला. २८ डिसेंबर २०१० ला अमेरिकेच्या मेन राज्यातल्या शुगरलोफला जोरदार वाऱ्यात दोर खांबावरच्या चाकांवरून उतरला, खुर्च्या बर्फावर आपटल्या, आठ जण जखमी. आता दोर सुटला तर त्याला झेलणारे आकडे आणि लगेच वीज तोडणाऱ्या कळा खांबांवर असतात. वारा वाढला की लिफ्ट बंद ठेवतात. एरवी स्की-केंद्रांवरचे बहुतेक लोक यंत्र बिघडून नव्हे, तर नीट न बसल्याने, समोरचा दांडा खाली न ओढल्याने किंवा उतरताना गडबड केल्याने पडतात. लहान मुलं त्यात जास्त.

आपल्याकडे स्की-लिफ्ट मोजक्याच, औली, गुलमर्ग अशा ठिकाणी. पण दोरावरचा प्रवास मोठा आहे. बिहारमध्ये राजगीरला एका माणसाच्या उघड्या खुर्च्यांवरून लोक विश्वशांती स्तूपाला जातात. आपल्या राज्यात रायगडाला १९९६ पासून रोपवे आहे. गुलमर्गच्या गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ चा, दुसरा २००५ चा. तो अफरवतच्या बाजूला ३,९०० मीटरच्या वर नेऊन सोडतो. तिथे २५ जून २०१७ ला वाऱ्याने उन्मळलेलं झाड दोरावर कोसळलं, डबा हेलकावला, सात जण गेले. त्यात दिल्लीचं एक कुटुंब आणि स्थानिक गाइड होते. झाड दोराच्या इतक्या जवळ का होतं, हा प्रश्न मला तरी वाऱ्यापेक्षा मोठा वाटतो.

झारखंडात देवघरजवळ त्रिकूटला १० एप्रिल २०२२ च्या रामनवमीला रोपवे अडकला. लोक दोन रात्री हवेत राहिले, तीन जण दगावले, त्यातले दोघे हेलिकॉप्टरने वर ओढताना. त्यानंतर केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना सगळ्या रोपवेंची सुरक्षा तपासायला सांगितलं. हेलिकॉप्टर हा शेवटचा उपाय असतो हे त्रिकूटने दाखवलं. अपवाद परवाणूचा. १९९२ च्या ऑक्टोबरात हिमाचलमधल्या त्या रोपवेचा दोर तुटल्यावर मेजर इव्हान जोसेफ क्रास्टो हेलिकॉप्टरमधून डब्यावर उतरले, काही जणांना वर पाठवलं आणि अंधार पडल्यावर उरलेल्यांसोबत रात्रभर त्या लोंबकळत्या डब्यातच थांबले. त्यांना कीर्तिचक्र मिळालं.

चेअरलिफ्ट अडकली तर मात्र इतकं नाट्य लागत नाही. आधी डिझेल इंजिनावर हळूहळू लिफ्ट फिरवून सगळ्यांना उतरवायचा प्रयत्न होतो. ते नाहीच जमलं तर खालून पथक दोरावरून एक बारीक दोरी टाकतं, तिच्या टोकाला बसायची छोटी फळी किंवा पट्टा. खुर्चीतला माणूस तो काखेखालून घालतो, दांडा वर करतो आणि खुर्चीच्या कडेवरून घसरतो. खालचा माणूस दोरी हळूहळू सोडतो. खुर्चीमागून खुर्ची हे चालतं, त्यामुळे काही तास जातात आणि थंडी हा खरा शत्रू ठरतो. अशा वेळी स्वतः उडी मारू नये, हे प्रत्येक पथक आधी ओरडून सांगतं. गुदौरीसारखी उलटी धावणारी लिफ्ट हा त्याला अपवाद. तिथे खालच्या चाकाआधी उडी मारलेले बचावले.

कायद्याच्या बाबतीत कोलोरॅडोने १९६५ मध्येच लिफ्टसाठी स्वतंत्र मंडळ नेमलं, तिथे प्रत्येक लिफ्टला परवाना आणि तपासणी लागते. युरोपात २०१६ चा सामाईक नियम आहे. आपल्याकडे बंगालचा १९२३ चा आणि हिमाचलचा १९६८ चा असे राज्याराज्यांचे कायदे, भारतीय मानक ब्युरोच्या संहिता, आणि केंद्राच्या २०२२-२३ च्या अर्थसंकल्पापासून 'पर्वतमाला' योजनेखाली नव्या रोपवेंची रांग. उभारणीची घोषणा मंत्री करतात. ब्रेकची रोजची चाचणी कुणी केली, ती वही कुठे असते, हे विचारायला कुणी जात नाही.

गुलमर्गचा दुसरा टप्पा वाऱ्यामुळे बंद राहणं ही नेहमीची बाब आहे. तिथे काउंटरवर आपली मंडळी "एवढ्या लांबून सोलापूरहून आलोय" म्हणून हुज्जत घालताना दिसतात. त्यापेक्षा पैसे भरतानाच सहलवाल्याला विचारावं की टप्पा बंद राहिला तर रक्कम परत मिळणार की दुसऱ्या दिवशी वर नेणार, आणि उत्तर पावतीवर लिहून घ्यावं.