प्लाझ्मा स्थैर्य नियंत्रण: पायरी चौथी की सहावी?

१९६८मध्ये सोव्हिएत टोकामॅकचे, म्हणजे अणुसंमीलनासाठी अतितप्त वायू (प्लाझ्मा) चुंबकीय क्षेत्रात कोंडणाऱ्या यंत्राचे, आकडे जाहीर झाले. पुढच्याच वर्षी ब्रिटिश चमूने स्वतःची लेसर यंत्रणा तिथे नेऊन ते तपासले आणि बहुतेक देश टोकामॅककडे वळले. तेव्हा प्लाझ्मा कोसळला तरी फारसे बिघडत नसे; पुढचा शॉट, म्हणजे प्रयोगाची पुढची फेरी, घ्यायचा, झाले.

१९८२मध्ये जर्मनीतल्या एका यंत्रावर एच-मोड ही प्लाझ्माची नवी अवस्था सापडली. उष्णता जवळपास दुप्पट वेळ टिकू लागली, पण सोबत प्लाझ्माच्या कडेचे उद्रेक, म्हणजे ईएलएम, पदरात पडले. छोट्या यंत्रात ते खपून जातात, आयटर या फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या महाकाय आंतरराष्ट्रीय टोकामॅकमध्ये भिंतच झिजवतील. २०००नंतर कडेच्या चुंबकीय क्षेत्रात मुद्दाम किंचित बिघाड करून ते दाबता येऊ लागले.

मग प्रश्न आला, हे तंत्र किती तयार आहे? मोजपट्टी अवकाश क्षेत्राकडून उसनी घेतली: १९७०च्या दशकात सात पायऱ्यांची, पुढे नऊ. सहाव्या पायरीसाठी नमुना ‘वापराशी मिळत्याजुळत्या परिस्थितीत’ चालून दाखवावा लागतो. घोडे इथेच अडते. उपग्रहाच्या भागासाठी निर्वात कक्ष उभारता येतो. पण मुख्यतः संमीलनातून निघणाऱ्या स्वतःच्याच अल्फा कणांनी तापणारा प्लाझ्मा आजवर एकाही टोकामॅकमध्ये झालेला नाही. मग काही सेकंदांच्या शॉटमध्ये दाबलेला ईएलएम चौथ्या, म्हणजे प्रयोगशाळेतल्या, पायरीवर धरायचा की सहाव्या? चार म्हणणेच प्रामाणिक. न्यूट्रॉनच्या माऱ्यात हा बिघाड घडवणारी आतली वेटोळी आणि चुंबकीय संवेदक वर्षानुवर्षे टिकतील, हे अजून कुणी दाखवलेले नाही.

डिसरप्शनचा, म्हणजे प्लाझ्मा अचानक कोसळण्याचा, हिशेब आणखी गुंतागुंतीचा. आयटरमधला १५ दशलक्ष अँपिअरचा प्रवाह काही दशांश सेकंदाच्या आत कोसळू शकतो. त्यावर गोठवलेल्या निऑन-हायड्रोजनची गोळी वाकड्या नळीवर आपटून तिचे तुकडे प्लाझ्मात मारायचे ठरले आहे. ही एअरबॅग झाली. तिला नियंत्रणाच्या खात्यात धरून सरासरी पायरी वर दाखवणे पटत नाही.

२०२२मध्ये स्वित्झर्लंडमधल्या टोकामॅकची वेटोळी स्वयंशिक्षित प्रणालीने हाताळली. २०२४मध्ये अमेरिकेतल्या यंत्रावर प्लाझ्मा फाटण्याची चाहूल सुमारे ३०० मिलिसेकंद आधी लागली. मात्र अशी चाहूल ओळखणारी प्रणाली आधीच्या फसलेल्या शॉटमधूनही शिकते, आणि अणुभट्टीला तेवढे शॉट फसवणे परवडणार नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये फ्रान्समधल्या टोकामॅकने प्लाझ्मा १,३३७ सेकंद टिकवला, तो बाहेरून २ मेगावॅट उष्णता देऊन. आयटरला ५० मेगावॅट देऊन ५०० मिळवायचे आहेत.