चुंबकीय क्षेत्रातील उष्माधारकतेचे मापन : पार्श्वभूमी

घन पदार्थाचे तापमान एका अंशाने वाढवण्यासाठी किती उष्णता लागते, या प्रश्नाला ड्यूलाँग आणि पेती यांनी १८१९ मध्ये दिलेले उत्तर असे होते, की अणूमागे ती सर्व घन मूलद्रव्यांसाठी जवळपास सारखीच असते. कमी तापमानाला हा नियम कोलमडतो. त्याचे पुंज सिद्धान्तावर आधारलेले स्पष्टीकरण आइन्स्टाइन यांनी १९०७ मध्ये आणि अधिक अचूकपणे डेबाय यांनी १९१२ मध्ये दिले. त्याच सुमारास नेर्न्स्ट यांच्या प्रयोगशाळेत निर्वात पोकळीत टांगलेल्या नमुन्याला विजेने मोजकी उष्णता देऊन तापमानातील वाढ टिपण्याची पद्धत आकाराला आली. या साऱ्यात चुंबकीय क्षेत्राला काही स्थान नव्हते.

ते मिळाले मुख्यतः अतिवाहकतेमुळे, म्हणजे काही पदार्थांचा विद्युत रोध ठरावीक तापमानाखाली नाहीसा होतो त्या अवस्थेमुळे. लायडनमध्ये केसॉम आणि कॉक यांनी १९३२ मध्ये कथिलाची उष्माधारकता मोजली, तेव्हा सुमारे ३.७ केल्विनला तिने एकदम उडी घेतलेली दिसली, पण अप्रकट उष्मा (तापमान न बदलता अवस्था बदलताना लागणारी उष्णता) आढळली नाही. क्षेत्र लावून हेच संक्रमण त्याहून कमी तापमानाला घडवले, तर मात्र अप्रकट उष्मा प्रकट होते. रुटगर्स यांनी या उडीची उंची आणि क्रांतिक क्षेत्राच्या (अतिवाहकता मोडायला लागणाऱ्या क्षेत्राच्या) तापमानाप्रमाणे बदलणाऱ्या वक्राचा उतार यांची सांगड घातली, आणि उष्णतेच्या मापनातून चुंबकीय गुणधर्माची पडताळणी करता येऊ लागली.

क्षेत्राचा खरा उपयोग मात्र वजाबाकीसाठी आहे. जालकाच्या, म्हणजे स्फटिकातील अणूंच्या रचनेच्या, कंपनांवर त्याचा जवळपास परिणाम होत नाही. म्हणून पुरेसे क्षेत्र लावून अतिवाहकता मोडली आणि त्याच नमुन्याची त्याच तापमानाला पुन्हा मोजणी केली, की दोन आकड्यांतला फरक केवळ इलेक्ट्रॉनांचा उरतो. व्हॅनेडियमच्या अतिवाहक अवस्थेत इलेक्ट्रॉनांचा वाटा घातांकी रीतीने घटतो, हे १९५४ मध्ये दाखवले गेले. इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेत फट असावी, म्हणजे ऊर्जेचा एक पट्टा त्यांना वर्ज्य असावा, याचा तो एक भक्कम पुरावा होता आणि तो अतिवाहकतेचे स्पष्टीकरण देणाऱ्या १९५७ च्या बीसीएस (बार्डीन, कूपर, श्रीफर) सिद्धान्ताच्या आधी हाती आला, हे विसरता कामा नये.

दुसरा प्रवाह समचुंबकीय क्षारांचा, म्हणजे ज्यांचे अणू क्षेत्राच्या दिशेने वळणाऱ्या लहान चुंबकांसारखे वागतात अशा क्षारांचा. क्षेत्र लावले की अणूंचे चुंबकीय आघूर्ण (हे लहान चुंबक) रांगेत येतात आणि एन्ट्रॉपी, म्हणजे अव्यवस्थेचे माप, घटते. मग बाहेरची उष्णता पोहोचू न देता क्षेत्र काढून घेतले, तर क्षार थंड होतो. डेबाय आणि जिओक यांनी ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली, आणि जिओक व मॅकडूगल यांनी १९३३ मध्ये तिच्या आधारे ०.२५ केल्विनपर्यंत मजल मारली.

अडचण होती ती तापमापीची. कार्बन किंवा जर्मेनियमचा रोध तापमानाप्रमाणे बदलतो तसा क्षेत्रानेही बदलतो. जर्मेनियमच्या बाबतीत हा दोष इतका मोठा, की क्षेत्रात स्वतंत्र अंशांकन केल्याशिवाय त्याच्या आकड्यांवर विसंबता येत नाही. झिर्कोनियम ऑक्सिनायट्राइडच्या पातळ थरांचे तापमापी आल्यावर हा त्रास पुष्कळ कमी झाला. दरम्यान सलिव्हन आणि सायडेल यांची नमुन्याला आवर्ती उष्णता देणारी प्रत्यावर्ती पद्धत (१९६८) आणि बाखमान व सहकाऱ्यांची शिथिलन पद्धत (१९७२) यांमुळे काही मिलिग्रॅमचे स्फटिकही मोजता येऊ लागले. नवी संयुगे बहुधा तेवढीच हाती लागत असल्याने ही सोय मोलाची ठरली. शिथिलन पद्धतीत नमुना एका लहान चकतीवर ग्रीसने चिकटवतात, थोडा तापवतात आणि तो किती वेगाने निवतो त्यावरून उष्माधारकता काढतात. तीव्र क्षेत्रात विषमदैशिक (दिशेनुसार गुणधर्म बदलणाऱ्या) स्फटिकावर असा चुंबकीय पीळ बसतो, की तो ग्रीसमधून निसटूही शकतो.

पुढची मोठी फलिते याच साधनांची आहेत. वायबीसीओ या तांब्याच्या अतिवाहक ऑक्साइडमध्ये इलेक्ट्रॉनांचा वाटा क्षेत्राच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, हे १९९४ मध्ये मोजले गेले. व्होलोविक यांनी ऊर्जेच्या फटीत शून्यरेषा असतील, म्हणजे काही दिशांना ती फट शून्य होत असेल, तर असेच व्हावे, असे भाकीत त्याआधी केले होते.

एक केल्विनच्या खाली मात्र अणुकेंद्रांचे आघूर्णही जागे होतात. त्यांचा वाटा क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तापमानाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. तांब्याची चकती वापरली तर तो नमुन्याच्या उष्माधारकतेला झाकून टाकू शकतो. म्हणून तेथे चांदी पसंत केली जाते, आणि नमुन्यातल्या अणुकेंद्रांचा वाटा मागाहून हिशेबाने वजा करावा लागतो.