गुपित-व्यवस्थापन साधनाची निवड

क्लाउडवरील अनुप्रयोगांचे पासवर्ड, एपीआय की (दुसऱ्या सेवेशी जोडणीची किल्ली), टोकन व प्रमाणपत्रे सांभाळणाऱ्या, मागणाऱ्याची ओळख पटवून ती देणाऱ्या आणि प्रत्येक वाचनाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालींतून योग्य ती ठरवण्याची प्रक्रिया. कोकणातील आंबाविक्री किंवा निवास-न्याहारीच्या आरक्षणासारख्या लहान अनुप्रयोगांत पेमेंट गेटवेची की व डेटाबेसचा पासवर्ड ही मुख्य गुपिते होत.

या साधनांचा आरंभ कोणापासून धरावा याविषयी मतभेद आहेत. स्क्वेअरचे कीव्हिझ व हॅशिकॉर्पचे व्हॉल्ट ही दोन्ही साधने २०१५ मध्ये मुक्त स्रोत म्हणून खुली झाली. शेफ या सर्व्हर-मांडणीच्या साधनातील कूटबद्ध डेटा बॅग (माहितीचे संच) त्याआधीच्या. मागणीनुसार तयार होऊन मुदतीनंतर आपोआप रद्द होणारी डेटाबेस-खाती हे लक्षण मानल्यास व्हॉल्टपासून गणना करणे अधिक सयुक्तिक ठरते.

गणिती बैठक मात्र १९७९ ची आहे. त्या वर्षी अदी शमीर व जॉर्ज ब्लॅकली यांनी स्वतंत्रपणे गुपिताचे हिस्से पाडण्याच्या पद्धती मांडल्या. शमीर यांच्या पद्धतीत गुपित हे बहुपदीचे स्थिरपद असते व प्रत्येक हिस्सा हा तिच्या आलेखावरील एक बिंदू. द्विघाती बहुपदी तीन बिंदूंनी निश्चित होते. दोनच हाती असतील तर गुपिताचा काहीही बोध होत नाही. व्हॉल्ट मूळ मांडणीत आपली साठवण उघडणाऱ्या किल्लीचे असेच पाच हिस्से करते व त्यांपैकी कोणतेही तीन मागते. सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला की व्हॉल्ट मोहरबंद अवस्थेत उठते आणि तीन हिस्सेधारकांनी आपापला हिस्सा दिल्याखेरीज एकही गुपित देत नाही.

किनाऱ्यावर हा तपशील निर्णायक ठरतो. ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागांत वीज व मोबाइल सेवा अनेक दिवस खंडित होती. हिस्सेधारक एकाच तालुक्यातले असतील, तर मुंबईतील सर्व्हर धडधाकट असूनही अनुप्रयोग अडकून पडतो. क्लाउडच्या की-व्यवस्थापन सेवेकडून आपोआप मोहर उघडून घेण्याची सोय आहे. पण मग भरवसा त्याच पुरवठादारावर टाकावा लागतो.

म्हणून एकाच क्लाउडवर काम असलेल्या छोट्या चमूने त्या पुरवठादाराचीच सेवा घ्यावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते: अझूर की व्हॉल्ट, ॲमेझॉनचे सीक्रेट्स मॅनेजर (२०१८) किंवा गुगलचे सीक्रेट मॅनेजर. दुसऱ्या मतानुसार पुरवठादार बदलण्याची मोकळीक महत्त्वाची, म्हणून व्हॉल्टसारखे स्वतंत्र साधन घ्यावे. २०२३ मध्ये हॅशिकॉर्पने व्हॉल्टचा मुक्त-स्रोत परवाना बदलून वापरावर मर्यादा घालणारा परवाना लावल्यावर या मतालाही तडा गेला व ओपनबाओ ही खुली शाखा निघाली.

कुबरनेटीस या अनुप्रयोग चालवणाऱ्या प्रणालीतील ‘सीक्रेट’ मूळ मांडणीत केवळ बेस-६४ रूपात (कोणालाही उलटवता येणाऱ्या अक्षर-लेखनात) असतो, कूटबद्ध नव्हे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. निवडलेल्या साधनाच्या वाचन-नोंदी तितका काळ टिकतात का, हेही तपासावे.